आधी घर, मग हप्ता : नादारीतला घरखर्च

नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला कर्जापुढे हात टेकून नादार म्हणून जाहीर व्हायचं असेल, तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात १९२० सालच्या प्रांतिक नादारी कायद्याखाली अर्ज करावा लागतो. मुलुंडच्या नाक्यापलीकडे गेलं की त्याहूनही जुना, १९०९ चा कायदा आणि थेट उच्च न्यायालय. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता पेपरात सतत गाजत असते, पण तिचा व्यक्तींसाठी लिहिलेला भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. दुकान बुडालेला, नोकरी गेलेला, क्रेडिट कार्डांत अडकलेला साधा माणूस अजून त्या शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याच्या हाताखालीच आहे.

कायदा किती जुना, हे त्यातल्या आकड्यांवरून कळतं. अर्ज करायला कर्ज किमान ५०० रुपयांचं हवं. आणि एकदा नादार ठरल्यावर, न्यायालयाने मुक्त करण्याआधी, 'मी नादार आहे' हे न सांगता कुणाकडून ५० रुपये किंवा जास्त उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास रुपयांत आज गोखले रोडवर एका माणसाचा धड नाश्ताही होत नाही. म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडची 'लिहून ठेवा' ही सवयसुद्धा कायद्याच्या कक्षेत येते. या काळात घर रोखीवर चालवावं लागतं, आणि रोखीवर घर चालवायचं तर अंदाजपत्रक हवं.

अर्ज, नोटिसा, तारखा हे वकील बघेल. इथे बोलायचं आहे ते घरातल्या वहीबद्दल.

कर्जात रुतलेल्या बहुतेक घरांत पैसे एका ठरावीक क्रमाने बाहेर जातात : ज्याचा आवाज मोठा, त्याला आधी. वसुलीवाला दिवसातून आठ वेळा फोन करतो, म्हणून पगार झाला की त्याच्या तोंडावर तीन हजार फेकले जातात. सोसायटीचे सेक्रेटरी भिडस्त, म्हणून मेन्टेनन्स सहा महिने थकतो. शाळा वर्षअखेरीपर्यंत गप्प राहते, म्हणून फी मागे पडते. आईच्या गोळ्या तर आई स्वतःच एकाआड एक दिवस घ्यायला लागते आणि कुणाला सांगत नाही. हा क्रम उलटा करणं हेच या काळातल्या बजेटचं मुख्य काम आहे. काटकसर त्यानंतर.

त्यासाठी कोण किती बोंबलतो आणि कोण खरोखर काय करू शकतो, हे वेगवेगळं लिहून काढा. बिनतारणी कर्ज, म्हणजे क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, ॲपवरचं कर्ज, यांचा आवाज सगळ्यात मोठा. पण त्यांना तुमच्या घरातली वस्तू उचलायची तर आधी दावा, मग हुकूमनामा, मग दरखास्त हा सगळा रस्ता चालावा लागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे की वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, धमकवायचं नाही, नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या मागे लागायचं नाही. हे मोडलं तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. पैसे असूनही मुद्दाम न देणारा आणि खरोखर नसलेला, यांत फरक करावाच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगून ठेवलं आहे. महिलेला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करताच येत नाही.

खरा धोका गप्प बसणाऱ्यांकडून असतो. घर तारण असेल तर हप्ता नव्वद दिवस थकला की खातं बुडीतात जातं, त्यानंतर साठ दिवसांची मागणी नोटीस येते, आणि पुढे दावा न लावताही बँक घराच्या ताब्यापर्यंत पोचू शकते. नादारीच्या अर्जाने तारणावरचा बँकेचा हक्क जात नाही. सही केलेला चेक कुणाकडे पडून असेल तर तो दुसरा धोका : चेक परत गेला की नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे, नाहीतर फौजदारी खटला. खात्यातून परस्पर कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत जाणंही २००७ च्या कायद्याने जवळपास तसंच धरलं आहे. सोसायटीची थकबाकी तिसरी. तिच्यावर उपविधींनुसार २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं आणि निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवून सोसायटी जप्तीपर्यंत जाऊ शकते. तेव्हा भिडस्त सेक्रेटरींचा नंबर वसुलीवाल्याच्या बराच आधी लागतो.

आता पैशाची आवक. पहिली गोष्ट खात्याची. ज्या बँकेचं कर्ज थकलं आहे, त्याच बँकेत पगार जमा होत असेल तर बँक ती रक्कम आपल्या थकबाकीकडे वळती करू शकते. एक तारखेला सकाळी पगाराचा मेसेज आणि दुपारी शिल्लक शून्य, असा प्रसंग ओढवण्याआधी, जिथे एक रुपयाचंही देणं नाही अशा बँकेत खातं उघडा आणि पगार तिकडे घ्या. किमान शिल्लक न ठेवता चालणारं मूलभूत बचत खातं प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं. हे लपवाछपवीचं काम नाही. नवीन खात्याचा उल्लेख न्यायालयात द्यायच्या मालमत्तेच्या यादीत आलाच पाहिजे. जुन्या खात्यावरचे स्वयंचलित हप्ते मात्र नुसते सोडून देऊ नका. कर्ज देणाऱ्याला लेखी कळवून, वकिलाला विचारून, मग थांबवा. नाहीतर दरमहा दोन्ही बाजूंनी दंड बसतो, आणि वर सांगितलेला धोका वेगळाच.

दुसरी गोष्ट पगाराची. 'कोर्ट सगळा पगार कापून घेईल' ही भीती घरोघरी असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे, पोटगीचा हुकूम सोडला तर, पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. म्हणजे ३२ हजार पगार असेल तर ढोबळ हिशेबाने २१,६६७ रुपये सुरक्षित आणि १०,३३३ रुपये जप्तीला पात्र. एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात चोवीस महिन्यांपलीकडे चालत नाही. मजुराच्या आणि घरकाम करणाऱ्याच्या मजुरीला तर हातच लावता येत नाही. पगारदार पतसंस्थेचं कर्ज असेल तर त्याची कपात पगार हातात येण्याआधीच होते, म्हणून बजेटमध्ये पगारपत्रकावरचा वरचा आकडा कधीही लिहू नका. खात्यात पडणारा आकडा लिहा.

बोनस, ओव्हरटाइम, गावच्या जमिनीचे येणारे पैसे, काकांच्या मृत्युपत्रातला वाटा हे सगळं आवकीत धरू नका. नादार जाहीर झाल्यापासून मुक्तता होईपर्यंत मिळालेली मालमत्ताही न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. जे आपलं राहीलच असं नाही, त्यावर दिवाळीचा फराळ ठरवायला नको.

आता एक घर घेऊ, कल्पनेतलं, पण आकडे जमिनीवरचे. ब्राह्मण सोसायटीतल्या जुन्या इमारतीत आईच्या नावावरचा फ्लॅट. मुलाचा छपाईचा धंदा बसला, आता तो नोकरीत आहे, हातात ३२ हजार. सून शिकवण्या घेते, १२ हजार. आईचं निवृत्तिवेतन आईचं. ते या हिशेबात नाही. मुलगी बारावीला, मुलगा नववीला. देणं एकूण २१ लाख : तीन कार्डांवर ६ लाख, बाकी पर्सनल लोन, कागदवाला व्यापारी, एक पतपेढी. सगळ्यांचे मागितलेले हप्ते मिळून महिन्याला ५० हजारांच्या पुढे जातात, म्हणजे घरातल्या एकूण ४४ हजारांपेक्षा जास्त. या घराने आजवर काय केलं? एका कार्डातून काढून दुसऱ्यात भरलं.

खर्चाची बाजू अशी. मेन्टेनन्स २,६००. वीज १,६००. पाइप गॅस ६००. किराणा ८,५००. दूध, भाजी, फळं, अंडी ६,५००. आईची औषधं १,४००. शाळा-कॉलेजची फी, वह्या, परीक्षा शुल्क वर्षाचं ५४,०००, म्हणजे महिन्याला ४,५००. लोकलचे पास आणि रिक्षा १,५००. मोबाइल-इंटरनेट १,१००. विमा १,८००. कपडे, चपला, केस कापणं १,०००. सणवार आणि आहेर १,०००. वकील, मुद्रांक, झेरॉक्स, कोर्टात जायच्या दिवशी कापला जाणारा पगार, या सगळ्यासाठी २,०००. आणि पंखा बिघडला, नळ गळला, दात दुखला यांच्यासाठी २,०००. बेरीज ३६,१००. उरतात ७,९००.

या ७,९०० वर थोडं थांबू, कारण इथेच लोक घसरतात. तीन कार्डांवर ६ लाख थकलेत. महिना साडेतीन टक्क्यांनी नुसतं व्याजच २१ हजार होतं. म्हणजे हे ७,९०० कार्डात टाकले तर व्याजाचाही निम्मा भाग भरत नाही, मुद्दल जागच्या जागी. दरमहा थोडं थोडं सगळ्यांना वाटणं हे मनाला बरं वाटतं, हिशेबात त्याला काडीची किंमत नसते. ही रक्कम वेगळ्या खात्यात साठवा, उघडपणे, न्यायालयाला सांगून. तिचे दोन उपयोग आहेत. एक, एखाद्या बँकेशी एकरकमी तडजोड. ती तोंडी कधीच स्वीकारू नका. किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत आणि भरल्यावर बाकी देणं संपलं, हे तिन्ही बँकेच्या पत्रावर हवं. मात्र अर्ज दाखल होण्याच्या उंबरठ्यावर असताना एकट्याशी तडजोड करण्याआधी वकिलाला विचारा; कारण पुढे सांगतो. दुसरा, न्यायालयामार्फत सगळ्या धनकोंपुढे ठेवायचा तडजोडीचा आराखडा. १९२० च्या कायद्यात याची सोय आहे. सिद्ध झालेल्या कर्जांचे निम्म्याहून जास्त धनको आणि रकमेच्या तीन चतुर्थांशाचे मालक तयार झाले आणि न्यायालयाला पटलं, तर तो सर्वांवर बंधनकारक होतो. आराखडा पटतो तो अशा वहीमुळे. '५० हजार देईन' म्हणून दुसऱ्या महिन्यात बुडवणाऱ्यापेक्षा 'साडेसात हजार देईन' म्हणून सलग वर्षभर देणाऱ्यावर धनकोंचा विश्वास बसतो.

खर्चाच्या त्या यादीतली काही नावं वाचून कुणी म्हणेल, नादार माणसाला आहेर कशाला? मुलांना इंटरनेट कशाला? आपल्याकडच्या कायद्यात कुटुंबाला अमुक इतका खर्च मान्य, असं कोष्टक नाही. आहे ती उलट बाजूची कसोटी : बेफाम सट्टा, जुगार किंवा समर्थन करता येणार नाही अशी उधळपट्टी यामुळे नादारी आली असेल, तर न्यायालय सरळ मुक्तता नाकारतं. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील तर ते आपल्या दोषाने झालं नाही हे दाखवावं लागतं, आणि धंद्याच्या वह्या ठेवल्या नव्हत्या हेही विरुद्ध जातं. न्यायालय पुढच्या कमाईवर अटी घालूनही मुक्तता देऊ शकतं. त्यामुळे खर्चाची वही हा पुढच्या सुनावणीतला कागद आहे, असं समजून लिहा. त्यात मुलीचा बारावीचा इंटरनेट शोभतो. भाचीच्या लग्नातला पाचशे एकचा आहेर शोभतो. खोटा कोरडेपणा शोभत नाही. सणवाराला शून्य लिहिलेलं बजेट पहिल्या गणपतीतच मोडतं, आणि मोडलेलं बजेट कुणी परत उघडत नाही.

कुठे कमी करायचं, ते आता. किराण्यात सगळ्यात मोठा फरक ब्रँड बदलून पडत नाही, खरेदीची जागा आणि वेळ बदलून पडतो. महिन्याची डाळ, तांदूळ, तेल जांभळी नाक्याच्या बाजारातून एकदाच, यादी करून, रोखीने आणा. घराखालच्या दुकानातून फक्त मीठ-काडेपेटी. भाजी गावदेवीला संध्याकाळी उशिरा. दहा मिनिटांत घरपोच सामान देणारी ॲपं फोनवरून काढून टाका. रिक्षाने ओझं आणायचे पन्नास-साठ रुपये लागले तरी हिशेब फायद्यातच राहतो. दूध, अंडी, फळं यांना मात्र हात लावू नका. घरात नववी-बारावीची मुलं आहेत.

विजेबाबत एक गैरसमज सर्रास आहे : शंभर युनिटच्या वर गेलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो. तसं नसतं, फक्त वरच्या युनिटांना लागतो. तेव्हा एकशे दोन युनिट आले म्हणून घरात भांडण नको. भांडायचंच असेल तर एसीवरून भांडा. लोकलचा पास तिमाही काढा, तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो. पहिल्या वर्गाचा असेल तर दुसऱ्यात या. ठाण्याहून सुटणारी गाडी धरली तर बसायलाही मिळतं.

शाळेत फी थकण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा, थकल्यावर नको. लेखी अर्ज देऊन हप्ते मागा. शिकवणीचा मोठा क्लास सोडावा लागला तर मुलीला कारण खरं सांगा. बारावीच्या मुलीला घरातलं आधीच कळलेलं असतं.

विम्यात कात्री लावताना लोक बरोबर उलटं करतात. आरोग्यविम्याचा हप्ता सोडतात आणि पंधरा वर्षांपूर्वी ओळखीच्या एजंटाने गळ्यात मारलेली मनी-बॅक पॉलिसी भरत राहतात. आरोग्यविमा ठेवा. एका ऑपरेशनने वरचं सगळं अंदाजपत्रक फुटतं. तोही परवडत नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते आजारी पडण्याआधी विचारून ठेवा. महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हाताशी आहे. आईच्या रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात त्याच औषधाचं मूळ नाव दाखवून विचारा. पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा हे वर्षाला ४३६ आणि २० रुपयांत प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण देतात, पहिला कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर, दुसरा अपघातात. कर्जबाजारी कमावत्या माणसाने हे ४५६ रुपये चुकवू नयेत.

काय विकायचं आणि काय नाही, हा पुढचा पेच. सगळ्यात वाईट सल्ला, जो हमखास मिळतो : पीएफ काढ आणि कार्ड मोकळं कर. पीएफमध्ये असलेला पैसा जप्तीच्या बाहेर आहे, पीपीएफही. तो काढून बचत खात्यात आणला की ते कवच गेलं, आणि कार्डात भरला की म्हातारपणही गेलं. तशाच बाहेर आहेत : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीने बाईला काढता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, आणि कारागिराची अवजारं. शिवणयंत्रावर पोट असेल तर यंत्र राहतं. भाडेनियंत्रण कायद्याखालच्या राहत्या घरातला भाडेकरूचा हक्कही कलम ६० मध्ये संरक्षित आहे, आणि नौपाड्यातल्या जुन्या पागडीच्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे वकिलाला आवर्जून विचारावं. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर अधिकच. बायकोचं स्त्रीधन तिचं आहे, नवऱ्याच्या देण्यापायी ते जात नाही, ती स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर. तिच्या नावाच्या पावत्या, लग्नातले फोटो एका पाकिटात काढून ठेवा.

उलट दुसरी दुचाकी, वापरात नसलेली गाडी, वर्षाला एकदा उघडायची गावची खोली, यांचा मोह सोडा. मात्र अर्ज करायच्या तोंडावर काही विकायचं तर वकिलाला विचारूनच, बाजारभावाने, पैसे बँकेतून घेऊन. आणि फ्लॅट घाईघाईने बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करू नका. नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांतलं असं मोफत हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकतं. हेच मेहुण्याच्या उसन्या पैशांचं. सगळे धनको वाट बघत असताना अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकालाच झुकतं माप देऊन फेडलं तर तेही उलटवलं जाऊ शकतं, मग तो मेहुणा असो की बँक. 'आधी घरच्यांचे फेडू, मग जाहीर होऊ' हा विचार माणुसकीचा वाटतो, पण त्यात मेहुणाही कोर्टाच्या फेऱ्यात येतो. त्याचं नाव इतरांबरोबर यादीत घाला आणि त्याला तसं तोंडावर सांगा. जामीन राहिलेल्या सहकाऱ्याला तर सगळ्यात आधी सांगा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, तुमची सुटका झाली तरी त्याची होत नाही.

भिशी थांबवा. आधी उचललेली असेल तर ते देणं आहे, यादीत जाईल. अजून लागायची असेल तर ते येणं आहे, तेही यादीत जाईल. ज्वेलरकडची सोन्याची भिशी तर नकोच. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची दारं बंद झाली तेव्हा डोंबिवली-ठाण्यातल्या कित्येक घरांचे साठवलेले पैसे अडकले, त्या रांगांची छायाचित्रं अजून विसरलेली नाहीत. कोऱ्या चेकवर पैसे देणारा सावकार त्याहून वाईट. महाराष्ट्र सावकारी कायदा, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे. अशा माणसाविरुद्ध तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

वकिलाच्या फीपायी अर्ज अडला असेल तर न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. इतरांना राज्यात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. फोन १५१००. बँकांची बरीच प्रकरणं लोक अदालतीतही येतात. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. म्हणून सही करण्याआधी वहीतला उरलेल्या पैशांचा आकडा बघा आणि त्याहून एक रुपयाही जास्त हप्ता कबूल करू नका. समोरचे साहेब कितीही गोड बोलले तरी.

नादार ठरल्याने आमदारकी-खासदारकीला उभं राहता येत नाही. हा तोटा बहुतेक वाचकांना सोसण्यासारखा आहे. बोचतं ते वेगळंच : राम मारुती रोडवर जुना धनको समोरून येतो तेव्हा. त्याला टाळून गल्लीत वळू नका. 'अर्ज केलाय, तुमचं नाव यादीत आहे' एवढं सांगायला दहा सेकंद लागतात. दर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास नवरा-बायकोने वही घेऊन एकत्र बसावं, लिहिणारा एक आणि पावत्या वाचणारा दुसरा. एकट्याने लपवलेल्या कर्जामुळेच बहुतेक घरं इथवर आलेली असतात. करमणुकीच्या नावाने काही ठेवायचं असेल तर वाचनालयाची वर्गणी ठेवा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, आणि महिनाभराचं वाचन एका मल्टिप्लेक्सच्या तिकिटापेक्षा महाग पडत नाही.

आणि एक तारीख. नादारी जाहीर करणाऱ्या आदेशातच न्यायालय मुदत घालून देतं, तेवढ्या काळात मुक्ततेचा अर्ज करायचा असतो. तो केला नाही तर नादारीचा आदेश रद्द होऊ शकतो आणि सगळे धनको पुन्हा मोकळे सुटतात. ही तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहा, आणि तिच्या तीन महिने आधीपासून त्या अर्जाच्या खर्चासाठी दरमहा हजार रुपये वेगळे काढा. सरकारचं देणं, फसवणुकीतून आलेलं देणं आणि पोटगी मुक्ततेनंतरही अंगावर राहतात, तेव्हा आयकर किंवा जीएसटीची थकबाकी असेल तर वहीत तिचा रकाना तसाच चालू ठेवा. बाकीच्यांसाठी, आदेश हातात आला की त्याच्या प्रमाणित प्रती काढून प्रत्येक बँकेला स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा, आणि सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल मागवून त्यात नोंद दुरुस्त झाली की नाही ते तपासा.